मुलाच्या दाताचा एक्स-रे काढू का? उद्या सकाळी जायचंय

डिचोलीची_आई: मुलाची दाढ दुखतेय, गाल सुजलाय. डॉक्टर म्हणतात एक्स-रे हवाच. गेल्या वर्षीच काढला होता, इतक्यात परत? लवकर सांगा.

मांडवीकाठ: वय किती? एका दाताचा छोटा की अख्ख्या जबड्याचा ओपीजी?

काजूमळा: लवंगेचं तेल लावा, उतरेल. मशीन घेतलं की हे सगळ्यांनाच एक्स-रे सांगतात.

जुना_रेडिओग्राफर: काजूमळा, सुजेत पू असला तर लवंग काय करणार? ताई, एका दाताच्या डिजिटल एक्स-रेचा किरणांचा डोस साधारण १ ते ८ मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे किरणांच्या डोसचं माप; हजार मायक्रो म्हणजे एक मिलि). निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला सहा-साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. गेल्या वर्षी काढला म्हणून आज गरजेचा टाळू नका. फक्त लहान मुलांचं थायरॉइड जास्त नाजूक, म्हणून मोठ्यांच्या सेटिंगवर काढू देऊ नका.

फोंड्याहून: शिशाचा एप्रन आणि कॉलर मागाच! आमच्याकडे एका दवाखान्यात एप्रन नुसता खुंटीला असतो.

मांडवीकाठ: अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये दोन्हींची गरज नाही म्हटलंय. त्यापेक्षा चौकोनी कोलिमेटर, म्हणजे किरणांचा झोत लागेल तेवढ्याच भागावर ठेवणारी चौकट, आहे का बघा, डोस बराच कमी होतो.

फोंड्याहून: तिथली मशीनं आणि इथली एकच का? पोराच्या गळ्याला कॉलर घालायला काय जातं?

जुना_रेडिओग्राफर: ओपीजीत कॉलर आड येते, फोटो पुन्हा काढावा लागतो. छोट्या एक्स-रेला खुशाल घाला. ताई, वय?

केपेंकार: आमच्या सासऱ्यांना इम्प्लांटसाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, सांगितलाय. वय ७४. चालेल ना?

डिचोलीची_आई: सहा वर्षांचा. छोटाच एक्स-रे. फार रडतो, गेल्या खेपेला मीच आत धरून बसले होते. आता मला पाचवा महिना आहे.

जुना_रेडिओग्राफर: मग तुम्ही आत थांबूच नका! गरोदरपणी स्वतःच्या दातासाठी लागला तर एक्स-रे चालतो, पण दुसऱ्याला धरायला उभं राहायचं नाही. बाबांना न्या, एप्रन घालून ते धरतील.
केपेंकार, त्या वयात किरणांचा धोका मुलांपेक्षा खूप कमी. पण सीबीसीटीचा डोस मोठा, लागेल तेवढ्याच भागाचा काढायला सांगा.

डिचोलीची_आई: हे बोटीवर आहेत. दिरांना विचारते.

मांडवीकाठ: नाहीच जमलं तर बांबोळीच्या डेंटल कॉलेजात लहान मुलांचा वेगळा विभाग आहे. रात्री ताप आला किंवा सूज डोळ्याकडे चढली तर मात्र सकाळची वाट पाहू नका.