कापडातून पोर्ट्रेट करायचंय, चेहऱ्याचा रंग कसा साधायचा?

सुईदोरा:
नमस्कार मंडळी, आजोबांचा एक जुना ब्लॅक अँड व्हाईट फोटो आहे, फेटा बांधलेला, छातीपर्यंतचा. घरात आजीच्या लुगड्यांचे तुकडे पडलेत त्यातून त्यांचं पोर्ट्रेट करायचंय, गोधडीसारखं, भिंतीवर टांगता येईल असं. कापडाच्या तुकड्यांतून माणसांची पोर्ट्रेट करणाऱ्या अमेरिकेतल्या बिसा बटलरचं काम बघितल्यापासून हेच डोक्यात आहे. प्रॉब्लेम चेहऱ्याचा. प्लेन तपकिरी कापड लावलं की चेहरा मातीच्या पुतळ्यासारखा मठ्ठ दिसतो आणि बुट्ट्यांचं लावलं की नजर बुट्ट्यांवरच जाते, नाक-डोळे कोण बघणार? शिवाय भाऊ म्हणतो की ही हस्तकला झाली, पोर्ट्रेट कसलं. कुणी केलंय का असं काही?

एडिसनकर:
अगं आधी तपकिरी डोक्यातून काढ. बटलर बहुतेक वेळा जुन्या ब्लॅक अँड व्हाईट फोटोंवरूनच काम करते, म्हणजे खरा रंग फोटोत नसतोच, मग ती निळी, जांभळी, केशरी, हिरवी कापडं चेहऱ्याला लावते आणि तरी माणूस जिवंत वाटतो, कारण उजेड-सावली बरोबर असते. ती मुळात पेंटर, हॉवर्ड युनिव्हर्सिटीत शिकलेली. पुढे माँटक्लेअर स्टेट युनिव्हर्सिटीला, म्हणजे आमच्या न्यू जर्सीतच, कापडकामाच्या वर्गात असताना आजारी आजीसाठी आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोवरून क्विल्ट, म्हणजे गोधडीच, केला आणि तिथून गाडी सुरू झाली. आता तिचे माणसाच्या उंचीचे क्विल्ट म्युझियममध्ये असतात, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये 2020-21 ला तिचं एकटीचं प्रदर्शन झालं.

तू असं कर. मोबाईलमध्ये फोटो पोस्टराइज करून चार-पाच टोनवर आण, मोठी प्रिंट काढ, प्रत्येक टोनचा आकार ट्रेसिंग पेपरवर उतरव. मग सगळे तुकडे जमिनीवर पसरून त्यांचाही ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढ. लाल आणि हिरवा आपल्या डोळ्याला लांब वाटतात पण कधीकधी ग्रेमध्ये अगदी एकच होतात, तिथेच सगळे फसतात. बारीक बुट्टी चेहऱ्याला, मोठी नक्षी कपड्यांना. गालावर सावली हळू उतरायला हवी असेल तर वर ऑर्गंझा किंवा नेटचा पातळ थर दे.

उलटा_टाका:
वरच्याला +१. भर घालते, टाक्यांचंही ऐक. आपण गोधडीला सरळ रांगेत धावदोरा घालतो, पण चेहऱ्यावर तसा घातला तर चेहरा सपाट होतो. गालावर गालाच्या गोलाईने फिरव, नाकावरून खाली ने, कपाळावर आडवा. रंग न बदलता नुसत्या टाक्याच्या दिशेने उठाव येतो. डोळ्यात पांढराशुभ्र कधीच लावायचा नाही, मळकट क्रीम किंवा ग्रे लाव आणि बुबुळात चमकेचा एकच पांढरा टाका, तोही सगळ्यात शेवटी.

आणि जमलं तर केसी झवाग्लियाचं काम बघ. अमेरिकेत सेंट लुईसची, तीही आधी पेंटर, आता घरच्यांचे चेहरे भरतकामात करते. पुढून अगदी फोटो वाटतो आणि मागे गाठी, लोंबते धागे, चेहरा वितळल्यासारखा. ती मागची बाजूही मुद्दाम दाखवते. खरं सांगू, मला तीच जास्त आवडते. धाग्यातून हुबेहूब फोटोच काढायचा असेल तर फोटो काय वाईट होता?

भट्टीवाला:
भावाला रॉबर्ट आर्नेसन दाखवा :) कॅलिफोर्नियातला सिरॅमिकवाला. माती म्हणजे मडकी-कपबश्या असं समजायचे त्या काळात हा पठ्ठ्या मातीत स्वतःची भलीमोठी डोकी करायचा. सॅन फ्रान्सिस्कोचे मेयर जॉर्ज मॉस्कोनी यांचा 1978 ला खून झाला, त्यांचा अर्धपुतळा याच्याकडून करून घेतला. 1981 ला झाला. वरचा हसरा चेहरा ठीक होता हो, पण खालच्या चौथऱ्यावर याने गोळ्यांची भोकं, पिस्तूल, खुनाच्या खटल्यात गाजलेला ट्विंकी केक असलं सगळं कोरलं. शहराने पुतळा नाकारला. आता तो तिथल्याच मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये आहे. नुसती हस्तकला असती तर एवढं कोण चिडलं असतं?

एडिसनकर:
@भट्टीवाला भारी उदाहरण. अमेरिकन चित्रकार फेथ रिंगगोल्डपण आहे की. तिने 1980 ला आईबरोबर पहिला क्विल्ट केला, आई फॅशन डिझायनर, त्यात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या माणसांचे तीस चेहरे, फक्त ते चेहरे रंगवलेले आहेत, कापडाचे तुकडे जोडून केलेले नाहीत. @सुईदोरा अगदीच अडलीस तर हाही मार्ग आहे, पण मला विचारशील तर हातात लुगडी असताना रंगाकडे वळू नकोस.

सुईदोरा:
बापरे, एवढं मिळालं! उद्याच तुकड्यांचे ग्रे फोटो काढते. रंगवणार नाही, ठरलं. फेट्याला इरकलचा काठ वापरू का? आणि एक लुगडं रेशमी आहे, घडीवर विरलंय, त्याला फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, चालेल?

उलटा_टाका:
काठ वापरच, पण फेट्याच्या पिळाप्रमाणे तिरका काप, सरळ पट्टी लावलीस तर टोपी वाटेल. विरलेल्या रेशमाला कडक फ्युजिंग नको गं, घडीवर अजून तुटेल. मागे जुन्या मलमलीचं अस्तर लाव आणि हाताने बारीक टाक्यांनी धर. इस्त्री करायचीच तर मंद आचेवर आणि वर सुती फडकं टाकून.