बर्गरमध्ये टमाटर-कांदा टिकीच्या वर का खाली? खालचा पाव गिल्ला होऊन रायला

बसस्टँड_कॉर्नर
राम राम मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी मायी बर्गर-सँडविचची गाडी हाय, आलू टिकी बर्गर सगळ्यात जास्त जाते. अडचण अशी का खालचा पाव थोड्याच वेळात गिल्ला होते, अन् कॉलेजचे पोट्टे पयला घास घेतात तं मागून काकडी-टमाटर सटकून कागदात पडते. सध्या मी असं लावतो, खाली पाव, त्याच्यावर मेयोनीज, मंग टमाटर, काकडी, कांदा, त्याच्यावर गरम टिकी, टिकीवर लाल सॉस, मंग चीज स्लाईस अन् वरचा पाव. लेट्यूस आमच्या बाजारात भेटत नाही, नागपूरहून आणलं तं उन्हाळ्यात दुपारपर्यंत मान टाकते, म्हून पत्तागोबी बारीक चिरून वापरतो. पार्सल बी जाते खेड्यापाड्यात. नेमकं कोनतं आधी लावू? अन् काहून ते बी सांगा, कारण समजलं तं चिकन बर्गरले बी कामी येईन.

ठेचा_भाकर
भाऊ, सगळी गडबड टमाटरात अन् काकडीत हाय. दोन्हीत ९५ टक्क्याच्या आसपास नुसतं पानीच असते, चिरलं का सुटाले लागते, अन् तुमी तं त्याच्यावर गरम टिकी ठेवता. वरून वजन, वरून गरमी, ते पानी खालच्या पावात नाही उतरन तं कुठं जाईन? टमाटर टिकीच्या वर न्या. चकती केल्यावर बियाचा गर बोटानं काढून टाका, खरं पानी त्यातच असते. अन् मीठ-चाटमसाला आधी लावून ठेवू नोका, कोशिंबिरीले आपण मीठ पानावर वाढताना घालतो ना, तसंच हे, आधी घातलं का सगळं पानी बाहेर येते.

किचनलाईन_नागपूर
वरचं बरोबर आहे पण पाव शेकता का ते सांगितलं नाही तुम्ही. बनची कापलेली बाजू बटर लावून तव्यावर चांगली तांबूस होऊ द्यायची, बाहेरून नाही, आतून. शेकल्याने वरचा थर कोरडा होतो आणि बटर पाण्याला लवकर आत जाऊ देत नाही. मग मेयो, तेही मधोमध एक गोळा नाही, काठापर्यंत पातळ थर.

दुसरं म्हणजे चीज. तुम्ही टिकी आणि चीजच्या मध्ये सॉस टाकता, त्यामुळे चीज वितळत पण नाही आणि चिकटत पण नाही. टिकी तव्यावर असतानाच तिच्यावर स्लाईस ठेवा, बाजूला चार थेंब पाणी टाकून झाकण घाला, वाफेने अर्ध्या मिनिटात वितळतं. वितळल्याबरोबर त्यावर कांद्याच्या चकत्या दाबून बसवा, त्या तिथंच धरून राहतात. सटकण्याचं कारण हेच की दोन गुळगुळीत वस्तू एकमेकीला लागून आहेत, मेयोवर टमाटर, टमाटरवर काकडी. मध्ये नेहमी काहीतरी खरबरीत पाहिजे, कांदा किंवा गोबी. तर खालून वर असं, शेकलेला पाव, मेयो, पत्तागोबी, टिकी, चीज, कांदा, टमाटर, सॉस लावलेला वरचा पाव. काकडी मी तर काढूनच टाकीन.

चीज कुठं असावं यावर जगभर भांडण झालेलं आहे बरं, २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलच्या बर्गर इमोजीत चीज पॅटीच्या खाली दिसलं तर लोकांनी एवढा गोंधळ केला की सुंदर पिचाईंनी स्वतः ट्वीट करून लक्ष घालतो म्हटलं आणि नंतर ते चित्र बदललं. लोकांचं बरोबरच होतं, गरम वस्तूवर ठेवलं तरच चीज नीट वितळून खाली पसरतं.

पांढरंसोनं
बाकी पटलं, पन पत्तागोबी टिकीच्या खाली हे मले नाही पटत. खाली पाला ठेवायची रीत मटन-चिकनच्या पॅटीची हाय, तिच्यातून रस अन् चरबी गळते, ते पानावर अडकते अन् पाव वाचते. आलू टिकीतून काय गळते? काईच नाही. उलट तिची कुरकुरीत बाजू गोबी-मेयोवर बसली का दोन मिनिटात नरम पडते, मंग तळायचीच कायले? आलू टिकी सरळ शेकलेल्या पावावर, मधात पातळ मेयो, अन् गोबी सगळी चीजच्या वर. चिकनचा बर्गर असन तं गोबी खाली ठेवजा.

किचनलाईन_नागपूर
आलू टिकीपुरतं हे मान्य, असंच करा. चिकनला मात्र माझाच क्रम.

बसस्टँड_कॉर्नर
लय मस्त सांगितलं भाऊ, कारणासहित. आता पार्सलचं सांगा. गाडीवरून खेड्यात जायपर्यंत अर्धा घंटा कुठं गेला नाही, तोवर सगळं नरम पडते. चांदीच्या फॉईलमधी गुंडाळून देतो मी.

ठेचा_भाकर
फॉईल बंद करा भाऊ, त्यात टिकीची वाफ कोंडते अन् तेच पानी होऊन पावावर बसते. टिकी तळली का जाळीवर दोन मिनिट ठेवा, ताटात नोका ठेवू, खालून घाम येते तिले. मंग बटर पेपर, वरून पुठ्ठ्याचा डबा, डब्याले दोन भोकं. कांदा-टमाटर-गोबी वेगळ्या पुडीत अन् सॉस बी वेगळा. गिऱ्हाईक घरी जाऊन भरते, त्याले काई जड नाही जात.

किचनलाईन_नागपूर
अगदी. मॅकडोनाल्ड्सने १९८० च्या दशकात अमेरिकेत हेच केलं होतं, मॅकडीएलटी नावाचा बर्गर, थर्माकोलच्या डब्यात दोन खण, एकात खालचा पाव आणि गरम पॅटी, दुसऱ्यात लेट्यूस, टमाटर आणि वरचा पाव, खाणाऱ्याने स्वतः जोडायचा. पुढे थर्माकोलच्या कचऱ्यावरून ओरड झाली आणि तो डबा गेला, पण विचार चुकीचा नव्हता. तुम्ही कागदी पुडीत तेच करा.

पांढरंसोनं
पुडीतली गोबी धुतल्यावर सुती कपड्यात पिळून कोरडी करजा भाऊ, अन् चिरून लगेच भरजा. ठेचा देत असान तं तो मेयोत कालवून वरच्या पावाले लावजा, नुसता टिकीवर टाकला का चीज तिथं चिकटत नाही.