मदत हवी आहे : शुक्राणूतलं कॉम्प्लेक्सिन हे प्रथिन ॲक्रोसोमचा स्राव रोखतं की घडवतं?

नमस्कार. सेमिनारसाठी सस्तन प्राण्यांमधलं फलन वाचतेय आणि एका जागी अडकलेय.

शुक्राणूच्या डोक्यावर ॲक्रोसोमची पिशवी असते. कॅल्शियम आत शिरलं की ती बाहेरच्या पटलाशी अनेक ठिकाणी जुळते आणि आतली विकरं बाहेर पडतात. हे जुळवून आणतात स्नेअर प्रथिनं, म्हणजे चेतापेशीत रसायनांच्या पिशव्या रिकाम्या करणारीच यंत्रणा! मला हे फार सुंदर वाटतं. फक्त इथे पिशवी एकच, संधीही एकच. हा स्राव झाल्यावरच इझुमो१ हे शुक्राणूचं प्रथिन (२००५ मध्ये सापडलेलं) पृष्ठभागावर उघडं होतं आणि अंडपेशीवरच्या जुनो या प्रथिनाला धरतं.

आता प्रश्न. कॉम्प्लेक्सिन स्नेअरना ऐनवेळेपर्यंत थोपवतं, असं समजावतात. मग कॉम्प्लेक्सिन-१ नसलेल्या उंदरांत स्राव अकाली व्हायला हवा ना? उलट अंडपेशीच्या आवरणाला त्यांच्या शुक्राणूंचा प्रतिसादच कमी पडतो. हे कसं?

शिवाय २०११ च्या प्रयोगात उंदरांचे फलन करणारे बहुतेक शुक्राणू आवरणाला शिवण्याआधीच ॲक्रोसोम रिकामा करू लागलेले दिसले. मग खरा इशारा कुठून येतो? प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाकडून? या विषयात काम केलेल्या कुणी समजावलं तर खूप आभारी राहीन. चित्र काढून फोटो टाकलात तरी चालेल.