सातारा ते खिद्रापूर सायकलवर, ऐन गळीत हंगामात: रस्ता, टायर, उसाच्या ट्रॉल्या

मोकळी_वाट

डिसेंबरच्या मध्यात साताऱ्याहून निघून कृष्णाकाठानं खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर पाहायचं आणि कोल्हापूरला संपवायचं असा बेत आहे. दोघं जण, चार दिवस. मुक्काम लॉजवर नाहीतर भक्तनिवासात, तंबू नाही. हायवे शक्यतो नको.

सायकली साध्या हायब्रिड आहेत: 700×38 टायर, पुढे 28-38-48 दातांच्या तीन चकत्या, मागे सात गिअरचं 14-28 दातांचं फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच), व्ही-ब्रेक, ट्यूबला बारीक प्रेस्टा वॉल्व्ह. मागच्या कॅरिअरवर दोन पॅनिअर (बाजूला लटकवायच्या पिशव्या), प्रत्येकी सायकलीवर साधारण 12 किलो सामान.

औंधवरून जावं की कराडवरून? गिअर पुरतील का? कारखाने सुरू असताना उसाच्या वाहतुकीत सायकल चालवणं कितपत सुरक्षित आहे? आणि पुण्याला परतताना सायकली रेल्वेत कशा टाकायच्या?

कृष्णाकाठ

औंधवरूनच जा. कराडवरून गेलात तर बराच वेळ हायवे नाहीतर त्याचा सर्व्हिस रोड नशिबी येतो, आणि पाहण्यासारखं सगळं पूर्वेला राहून जातं.

पहिला दिवस: सातारा, क्षेत्र माहुली, कोरेगाव, रहिमतपूर, औंध. पन्नास किलोमीटरच्या आसपास. माहुली साताऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. घाट आणि विश्वेश्वराचं देऊळ बघायला तासभर हाताशी ठेवा. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच गावचे. कोरेगावपर्यंतचा पंढरपूर रस्ता वाहता आहे, तिथून रहिमतपूरकडे वळलात की गर्दी ओसरते. औंधला सामान खोलीवर टाका आणि मगच यमाईच्या डोंगरावर सायकल काढा, वरपर्यंत गाडीरस्ता आहे. खालचं श्री भवानी संग्रहालय औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये उभारलं. राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प एका खेड्यातल्या संग्रहालयात आहे, ते चुकवू नका. सुट्टीचा वार आणि बंद व्हायची वेळ मात्र आधी विचारून घ्या, नाहीतर दारावरून परतावं लागेल.

दुसरा दिवस: पुसेसावळी, कडेगावचा भाग, देवराष्ट्रे, कुंडल, किर्लोस्करवाडी. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, शेजारी सागरेश्वरचं अभयारण्य आणि जुन्या शिवमंदिरांचा समूह. इथून नदीच्या सखल पट्ट्यात उतरलात की उंच ऊस सुरू होतो, दोन्ही बाजूंना काहीच दिसत नाही. शेतातून येणारं वाहन रस्त्यावर येईपर्यंत कळत नाही, म्हणून प्रत्येक पाणंदीच्या तोंडाशी घंटी वाजवा.

तिसरा दिवस: पलूस, भिलवडी, नदीपलीकडे औदुंबर, परत भिलवडी, मग रेल्वेमार्ग धरून वसगडे, नांद्रे, सांगली. पुढे अंकलीचा पूल, उदगाव, जयसिंगपूर, शिरोळ, नृसिंहवाडी. हा दिवस लांब आहे पण सपाट. वाडीला भक्तनिवास मिळतात, फक्त पौर्णिमा आणि दत्तजयंती टाळा. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे बहुधा डिसेंबरातच येते. तारीख पंचांगात बघून मगच बेत पक्का करा, त्या दिवसांत खोलीही मिळत नाही आणि रस्त्यावर सायकललाही जागा उरत नाही.

चौथा दिवस: कुरुंदवाडवरून खिद्रापूर. मंदिर शिलाहारकालीन. स्वर्गमंडपाचं छत मध्ये गोल उघडं आहे आणि त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. दक्षिण दाराशी यादव राजा सिंघणाचा शके 1136 चा शिलालेख आहे. देवळासमोर नंदी नाही, तो पलीकडे कर्नाटकात यडूरला आहे असं सांगतात. सकाळी लवकर पोचा, कारण पुढे इचलकरंजी, हुपरी, कोल्हापूर असं साठेक किलोमीटर उरतं आणि शेवटचा टप्पा वाहतुकीचा आहे.

आरी_चेन

गिअरबद्दल: पुढे 28, मागे 28 म्हणजे पायडलच्या एका फेरीला चाकाची एक फेरी. तुमच्या टायरवर ती सुमारे 2.2 मीटर भरते. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी आठ किलोमीटरच्या जरा खाली. या मार्गाला तेवढं पुरे. यमाईचा डोंगर भरल्या सामानानं चढायचा असेल तरच 14-34 फ्रीव्हील घाला. तेव्हा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) 34 दात पेलणारा आहे ना ते तपासा, आणि चेनही लांब घ्यावी लागेल. जुनीच चेन ठेवून चुकून पुढची आणि मागची दोन्ही मोठ्या चकत्यांचा गिअर पडला तर डिरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला धरणारा तुकडा, वाकतो.

माझ्या मते खरा धोका मागच्या चाकाला आहे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडची बेअरिंग फ्रीव्हीलच्या आत राहते, आस बराच बाहेर आधाराविना असतो. वजन आणि खड्डे मिळून तो वाकतो किंवा तुटतो. शिवाय उजव्या बाजूचे स्पोक हबपाशी, वळलेल्या जागी तुटतात. निघण्याआधी चाक ट्रू (डगमग काढून सरळ) करून सगळ्या स्पोकचा ताण सारखा करून घ्या. त्याच मापाचे तीन-चार स्पोक फ्रेमला टेपनं बांधा आणि तुमच्या फ्रीव्हीलच्या खाचेला बसणारं रिमूव्हर (ते काढायचं अवजार) बरोबर घ्या. रिमूव्हरशिवाय उजवा स्पोक घालता येत नाही, आणि पान्हा कुठल्याही गॅरेजमध्ये मिळेल पण रिमूव्हर मिळणार नाही.

टायर: दोन्ही पंक्चरनिरोधक पट्ट्याचे हवेत. हवा मागे 60-65 पीएसआय, पुढे 50-55. कमी ठेवलीत तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमशी चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. या भागात बांधावर बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालतात, तोडलेले काटे रस्त्यावर येतात. काट्याचं टोक टायरमध्ये मोडून राहतं, म्हणून नवी ट्यूब घालण्याआधी आतून कापसाचा बोळा फिरवा, जिथे तंतू अडकतील तिथे टोक आहे. ते चिमट्यानं काढा. पॅच लावताना घासून सोल्यूशन पातळ लावायचं आणि ओलसरपणा जाईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबायचं. बहुतेक पॅच घाईमुळे सुटतात.

प्रेस्टाला गावात हवा मिळत नाही. पितळी ॲडॅप्टर दोन घ्या, अगदी स्वस्तात मिळतात. चांगला हातपंप तरीही लागेलच.

कॅरिअरचे बोल्ट रोज रात्री चार एमएमच्या ॲलन कीनं तपासा. कंपनानं ढिले होतात आणि खालचा एक गेला की सगळं वजन दुसऱ्यावर येऊन फ्रेमवरचे आटे खराब होतात.

ऊसपट्टा

वाहतुकीचं गांभीर्यानं घ्या. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात आणि मोळ्या बाजूला ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या असतात. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, इंजिनच्या आवाजात घंटी ऐकू जात नाही. वळणावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा आतून जाते. म्हणून डाव्या वळणावर ट्रॅक्टरच्या डावीकडे कधीही शिरू नका, थांबून जाऊ द्या. ओव्हरटेक करायचा तर सरळ, चढाच्या रस्त्यावर, जिथे त्याचा वेग मेला असतो. उतारावर मुळीच नाही.

कारखान्याच्या गेटपासून वजनकाट्याची रांग लांबपर्यंत रस्त्यावरच उभी असते. तिथे सांडलेला ऊस चाकांखाली चिरडून रस्ता चिकट आणि निसरडा होतो, ब्रेक वळणाआधीच मारा, वळताना नाही. अख्खं कांडं चाकाखाली आडवं आलं तर ते लाकडी रुळासारखं फिरतं. ते काटकोनात ओलांडा.

अंधारात चालवू नका. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर पाचटाखाली झाकलेला. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पाचला मुक्कामी पोचायचं धरून चाला. सकाळी नदीकाठी धुकं असतं तेव्हाही मागचा लाल दिवा चालू हवा.

मोकळी_वाट

सगळ्यांचे आभार. मडगार्ड आहेत, ते ठेवू का? आणि नकाशावर पाणंदीचे जवळचे रस्ते दिसतात, ते घ्यावेत का?

ऊसपट्टा

पाणंदी टाळा. पाऊस नसला तरी उसाला पाटाचं पाणी सोडलेलं असतं, ते फुटून पाणंदीत येतं. ओली काळी माती टायर आणि मडगार्डच्या फटीत, व्ही-ब्रेकच्या भुजांमध्ये भरून चाक जागीच थांबतं. धक्के देत बसू नका, काडीनं उकरा. डांबरी रस्त्यावरच राहणार असाल तर मडगार्ड राहू द्या, फट टायरपासून बोटभर हवी. अवकाळी पावसाचा अंदाज आला तर मात्र काढून टाका.

खाण्याची चिंता नाही. गुऱ्हाळ दिसलं की ताजा गूळ घ्या, शेंगदाण्यांबरोबर पिशवीत टाका. सायकलीवर प्रत्येकी दोन लिटर पाणी पुरतं, गावं जवळ जवळ आहेत.

कृष्णाकाठ

रेल्वेचं राहिलं. गाडी कोल्हापूरहूनच सुटणारी निवडा: कोयना, महालक्ष्मी किंवा महाराष्ट्र एक्स्प्रेस, तिन्ही पुण्यावरून जातात. मधल्या स्टेशनवर गाडी थोडाच वेळ थांबते आणि ब्रेकव्हॅन (सामानाचा डबा) भरलेली असेल तर सायकल फलाटावरच राहते. सुटायच्या दीड-दोन तास आधी पार्सल ऑफिसला जा, तिकीट आणि ओळखपत्राची झेरॉक्स न्या, सायकल लगेज म्हणून त्याच गाडीनं जायची आहे असं स्पष्ट सांगा. पार्सल म्हणून बुक झाली तर ती मागाहून दुसऱ्या गाडीनं येऊ शकते. पावतीचा नंबर, नाव, फोन आणि ‘पुणे’ असं मार्करनं पुठ्ठ्यावर लिहून फ्रेमला दोन ठिकाणी बांधा. पॅनिअर, पंप, दिवे, बाटल्या काढून बरोबर घ्या. हँडल आडवं वळवून बांधा आणि डिरेलरवर पुठ्ठा गुंडाळा, कारण वर दुसऱ्या पेट्या रचतात. डिरेलरची बाजू वर राहील असं हमालाला दाखवून द्या. पुण्याला उतरल्यावर थेट ब्रेकव्हॅनपाशी जा आणि पावती दाखवून तिथेच सायकल ताब्यात घ्या.