जावा ८ च्या अपडेट २९१ नंतर तुटलेली जोडणी

जावा ८ चे अपडेट २९१ बसवल्यावर जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणी तुटते, या तक्रारीवर अपडेट काढून मागच्या आवृत्तीवर परतावे असे वर सुचवले आहे. ती सूचना मला पटत नाही, कारण तसे केल्यास सुरक्षेच्या इतर दुरुस्त्याही हातच्या जातात. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या अपडेट २९१ पासून टीएलएस (जोडणीवरील माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवणारी पद्धत) १.० आणि १.१ हे जुने प्रोटोकॉल मुळातच बंद ठेवलेले असतात. जुन्या मायएसक्यूएलशी जोडणी करताना ‘नो अप्रोप्रिएट प्रोटोकॉल’ हा संदेश येतो तो त्यामुळेच. ‘जावा डॉट सिक्युरिटी’ या फाइलमध्ये बंद प्रोटोकॉलांची यादी असते. तिच्यातून ही दोन नावे वगळली की जोडणी सहसा पूर्ववत होते. मात्र हा तात्पुरता इलाज समजावा, आणि डेटाबेसचा सर्व्हर व ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा भाग) दोन्ही टीएलएस १.२ वर नेण्याचे काम कृपया लांबणीवर टाकू नये.