‘टर्न अ ब्लाइंड आय’, नेल्सनची दुर्बीण आणि आपला कानाडोळा

मृगनक्षत्र

नमस्कार. मी आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ या वाक्प्रचाराचा अर्थ मी ‘कानाडोळा करणे’ असा सांगितला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की हा आंधळा डोळा नेमका कोणाचा. ब्रिटिश नौसेनानी होरेशिओ नेल्सन याने कोपनहेगनच्या लढाईत दुर्बीण आपल्या अधू डोळ्याला लावली, त्यावरून हा वाक्प्रचार आला, असे मी पूर्वी वाचले होते आणि तेच तिला सांगितले. नंतर माझे एक सहकारी म्हणाले की ‘कानाडोळा’ हासुद्धा इंग्रजी राजवटीत त्याच वाक्प्रचारावरून केलेला अनुवाद आहे. मुलांना चुकीचे काही सांगायचे नाही, म्हणून विचारते: नेल्सनची कथा खरी आहे का, आणि या दोन शब्दप्रयोगांचे एकमेकांशी नाते आहे का?

दर्यावर्दी

कथेला चांगला आधार आहे. २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनसमोर डेन्मार्कच्या नौदलाशी ही लढाई झाली. ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख होते ॲडमिरल सर हाइड पार्कर आणि नेल्सन त्यांच्या हाताखाली दुसऱ्या क्रमांकावर होता. त्याचे नेहमीचे जहाज मोठे होते. तिथल्या उथळ पाण्यात ते चालणार नाही म्हणून तो ‘एलिफंट’ या ७४ तोफांच्या जहाजावर आला होता. तरीही त्याच्या तुकडीतील तीन जहाजे गाळात रुतली, डॅनिश तोफा थांबण्याचे चिन्ह दिसेना, आणि हे सारे काही मैलांवरून पाहणाऱ्या पार्कर यांनी ३९ क्रमांकाचा, म्हणजे लढाई थांबवण्याचा, संकेत निशाणांद्वारे दिला.

त्या वेळी नेल्सनच्या शेजारी उभे असलेले लष्करी अधिकारी कर्नल विल्यम स्टुअर्ट यांनी पुढचा प्रसंग लिहून ठेवला आहे. संकेत मिळाल्याची पोच द्यावी, पण शत्रूला जवळून भिडण्याचा आपला १६ क्रमांकाचा संकेत तसाच फडकत ठेवावा, असे नेल्सनने सांगितले. मग जहाजाचे कप्तान फोली यांच्याकडे वळून तो म्हणाला की मला एकच डोळा आहे, तेव्हा कधीकधी आंधळे असण्याचा मला हक्क आहे. आणि दुर्बीण अधू डोळ्याला लावून ‘मला खरोखर संकेत दिसत नाही’ असे त्याने जाहीर केले. त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावरील काल्वीच्या वेढ्यात गेली होती. तोफगोळ्याच्या आघाताने उडालेली वाळू आणि खडे डोळ्यात गेले होते. डोळा बाहेरून मात्र शाबूत दिसत असे आणि त्यावर तो पट्टी बांधत नसे, हेही मुलांना अवश्य सांगा, कारण चित्रपटांमुळे बहुतेकांचा समज उलटा असतो.

या प्रसंगाची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. लहान जहाजांच्या तुकडीचा प्रमुख कप्तान एडवर्ड रायू याने तोच संकेत पाळला, माघार घेण्यासाठी जहाज वळवले आणि वळता वळता तोफेच्या माऱ्यात तो मारला गेला.

कोशवाचक

प्रसंग घडला असे मीही मानतो, पण वाक्प्रचाराचा जन्म त्यातून झाला हे मान्य करता येत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात या शब्दप्रयोगाची नोंद १६९८ इतकी जुनी आहे, आणि नेल्सनचा जन्म १७५८ चा. नेल्सनच्या कथेने वाक्प्रचाराला चेहरा दिला, एवढेच म्हणता येईल.

अर्थाकडे पाहिले तरी हेच दिसते. या वाक्प्रचाराचा वापर प्रामुख्याने दुसऱ्याचे चुकीचे वागणे दिसत असूनही त्याकडे दुर्लक्ष करण्यासाठी होतो. नेल्सनने मात्र वरिष्ठाचा आदेश डावलला होता. ‘अधिकाऱ्यांनी बेकायदा बांधकामाकडे कानाडोळा केला’ या वाक्यातील वृत्ती आणि कोपनहेगनमधील ते धाडस यांत पुष्कळ अंतर आहे.

मृगनक्षत्र

म्हणजे मी वर्गात कथा बरोबर सांगितली, निष्कर्ष मात्र चुकीचा सांगितला. तो उद्याच दुरुस्त करते. ‘कानाडोळा’बद्दल कोणी सांगू शकेल का?

शब्दयात्री

तो अनुवाद आहे असे मानण्याचे काहीच कारण मला दिसत नाही. संस्कृतात ‘काण’ म्हणजे एका डोळ्याने आंधळा. पाणिनीच्या सूत्राचे ‘अक्ष्णा काणः’ हे उदाहरण व्याकरणाचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या पाठ करत आले आहेत. त्यावरून आपला ‘काणा’ आला आणि ‘काणा डोळा’ करणे म्हणजे त्या बाजूचे दिसत नाही असे दाखवणे. पुढे ‘ण’चा ‘न’ झाला आणि त्यात कान व डोळा असे दोन अवयव आहेत असा समज पसरला. ऐकूनही न ऐकणे आणि पाहूनही न पाहणे असा अर्थ त्यातून सहज निघत असल्यामुळे हा समज घट्ट रुजला आहे.

शिवाय ही कल्पना कोणा एका भाषेची मिरासदारी नाही. जर्मन माणूस अशा वेळी ‘एक डोळा दाबून मिटतो’, फ्रेंच माणूस दोन्ही मिटतो, आणि इंग्रजीतील ‘कनाइव्ह’ हे क्रियापद ज्या लॅटिन शब्दावरून आले त्याचाही मूळ अर्थ डोळे मिटणे असाच आहे. यांपैकी कोणालाही नेल्सनच्या दुर्बिणीची गरज पडली नाही. संस्कृतात तर यासाठी ‘गजनिमीलिका’ असा देखणा शब्द आहे: हत्तीसारखे डोळे मिटून, समोरचे जणू दिसलेच नाही असे वागणे. नेल्सनचा तो प्रसंग ‘एलिफंट’ नावाच्या जहाजावर घडावा हा निव्वळ योगायोग आहे, पण वर वाचताना मला फार आनंद झाला.

फळ्यावर लिहिताना ‘कानाडोळा’ असेच लिहावे; तेच रूप आता रूढ आहे. ‘काणा’ची हकिकत मुलांना तोंडी सांगावी, म्हणजे त्यांना पाणिनीही भेटेल.