'प्रजाती' नेमकी कशाला म्हणायचं?

रानजाई : ब्रोमेलियाड या वनस्पतींच्या कुलावरचा लेख मराठीत आणतेय, एका वाक्यावर अडलेय. लाल चपट्या तुऱ्याचं, पानांवर काळपट आडवे पट्टे असलेलं झाड रोपवाटिकेत व्रिसिया म्हणून मिळतं. २०१६ मध्ये डीएनएच्या पुराव्यावरून ते व्रिसियातून काढून लुथेरिया या नव्या प्रजातीत घातलं. मी लिहिलं, 'ही जाती एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत गेली.' संपादकांनी 'जाती'चंही 'प्रजाती' केलं. आता वाक्याला अर्थच उरला नाही.

जुनी_वही : तुमचंच बरोबर. शाळेत मोठ्या गटाकडून लहानाकडे कुल, प्रजाती, जाती असाच क्रम पाठ केला. हिंदीतली 'प्रजाति' म्हणजे आपली जाती. बातम्या तिकडून उचलतात, शब्दही तसाच येतो.

मांडवी : पण 'वाघाची प्रजाती' आता सगळेच म्हणतात. 'जात' म्हटलं की दुसरंच काही मनात येतं, म्हणून लोक तो शब्द टाळतात. बोलणाऱ्यांनी बदललं ते चूक कसं?

जुनी_वही : आंब्याच्या जाती म्हणताना कुणी टाळत नाही.

रानजाई : पण हापूस, पायरी हे वाण. जाती एकच, आंबा.

ओलंपान : मग वरच्या गटाला 'वंश' म्हणा. जुन्या लेखनात सापडतो.

रानजाई : तो मला दुसरीकडे हवाय. पूर्वी या कुलात तीन उपकुलं मानत. क्लोरोप्लास्टच्या, म्हणजे पानातल्या हरितकणांच्या, जनुकांवरून कळलं की त्यातल्या पिटकेर्नियाच्या उपकुलात एका पूर्वजाचा सगळा वंश येतच नव्हता. ते फोडलं, आठ उपकुलं झाली. इथे 'वंश' म्हणजे वंशावळ. गटालाही तोच शब्द दिला तर वाचक गोंधळेल.

मांडवी : अननस याच कुळातला ना? आमची आजी केवड्याशेजारी लावायची. म्हणायची, दोघं एका घरचे.

रानजाई : पानं फसवतात. डीएनएवरून केवड्याचा गण, म्हणजे कुलाच्याही वरचा गट, वेगळा. अननस गवतांच्या गणात, म्हणजे भात, ज्वारी, बांबू यांचा भाऊबंद.

ओलंपान : भाताचा भाऊबंद? मग 'अननस'मध्ये 'अन्न' असणारच. आमच्याकडे 'अनन्नस' म्हणतात ते उगाच नाही.

मांडवी : छे! पोर्तुगीजांनी फळ आणलं, नावही त्यांनीच. त्यांनी ते ब्राझीलच्या तुपी भाषेतून घेतलं.

ओलंपान : नाव तिकडचं असेल, पण जोड 'न्न' आपल्याच तोंडात का आला?

जुनी_वही : आमच्या घरी कुणी जोड 'न्न' म्हणत नाही. तुम्ही कुठले?